एकवीस दिवसांचं पाणी

१७ जानेवारी, शुक्रवार, सकाळी सव्वानऊ. इमारतीतली घरं सोळा. उघडी चौदा, कुलूपबंद दोन. पाणी साठलेली भांडी एकूण त्र्याण्णव, त्यांपैकी डासांच्या अळ्या सापडलेली सहा. हजर : आरोग्य खात्याच्या तपासनीस सलमाबाई, त्यांचे एक सहकारी, आमच्या समोरच्या घरातले युसूफभाई परकार आणि नोंद लिहिणारा मी.

ही वही अजून माझ्याकडे आहे. अक्षर नीट आहे, खाडाखोड नाही, बेरीज दोनदा तपासलेली आहे. बेरजेत चूक नाही. चूक तिसऱ्या मजल्याच्या दोन ओळींत आहे. त्यांतली एक माझ्या घराची. ती मी जाणूनबुजून खोटी लिहिली. दुसरी खोटी आहे हे मला बरंच नंतर कळलं.

आता पुन्हा डिसेंबर आला आहे. मस्कतमध्ये थंडी येते ती कानाला आधी कळते. एसीची घरघर आठ महिने घरात मुरलेली असते. ती एके दिवशी बंद होते आणि घर एकदम रिकामं वाटतं. मग खिडक्या उघडतात. अल् खुवैरच्या रस्त्यावरचा गाड्यांचा आवाज, खालच्या दुकानातल्या करक चहाची वेलची, कुणाच्या तरी दारातला लुबानचा धूर, सगळं काचेतून गाळून न येता थेट आत येतं. संध्याकाळी पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळतात. इथे राहणारा प्रत्येक जण या दिवसांची वाट बघतो. मीही बघायचो. आता पहिली खिडकी माझी बायको वैशाली उघडते. मी जाळी नीट बसली आहे का ते बघतो.

गेल्या आठवड्यात फवारणीची गाडी गल्लीतून गेली. रॉकेलसारखा जड वास तासभर पडद्यांत राहिला. त्या वासाला माझ्यासाठी दोन काळ आहेत. एक त्या जानेवारीचा. दुसरा फार जुना, माणगावच्या बाजूचा, माझ्या वडिलांच्या हातांचा.

वडील हिवताप खात्यात फवारणीला होते. खाकी कपडे, खांद्याला पंप, आणि खिशात गेरूचा तुकडा. गोठा, पडवी, माजघर असं सगळं फवारून झालं की दाराशेजारच्या भिंतीवर ते तारीख लिहीत. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर एकाखाली एक त्यांच्या हातच्या तारखा होत्या. हात कितीही धुतले तरी जेवताना ताटावर तो वास यायचा. बायका देवघरात पंप शिरू देत नसत. म्हणत, "सगळं घर मारा मेलं, देवावर पांढरी भुकटी नको." वडील वाद घालत नसत. पण भिंतीवर तारखेपुढे लिहीत : एक खोली सुटली. वरचे साहेब त्यावरून बोलत. बाकीच्यांचे आकडे पूर्ण, यांचेच अपुरे. मी एकदा विचारलं होतं, लिहिलं नाही तर काय होतं? ते म्हणाले, "कमी लिहिलं तर साहेब ओरडतो. खोटं लिहिलं तर ताप येतो. साहेबाचं ओरडणं दुपारपर्यंत संपतं."

मी बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर आहे. भिंती, सळ्या, फरश्या, दारं मोजणं हे माझं काम. सव्वीस वर्षं झाली. मोजल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही, आणि मोजलं की मग दुसरं काही बघावंसं वाटत नाही. यातली दुसरी गोष्ट मला त्या हिवाळ्यात कळली.

त्या वर्षी आम्ही चौदा डिसेंबरला भारतात निघालो, एकवीस दिवसांसाठी. बाल्कनीत चार कुंड्या होत्या : तुळस, गवती चहा, कढीपत्ता, मिरची. आमचं आणि परकारांचं दार समोरासमोर. युसूफभाई हर्णैकडचे, रुवीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका दुकानात मॅनेजर. त्यांची बायको जुलेखाभाभी. आमच्यात अकरा वर्षांची ये-जा. भाभींच्या बाल्कनीत एक मोगरा होता, गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला. त्याची कळी दिसली की त्या वैशालीला हाक मारून दाखवायच्या.

निघायच्या आधी भाभी दारात आल्या. म्हणाल्या, "अवो भाऊ, किल्ली ठेवून जावा. मी घालीन की पाणी. दोन पावलांचा रस्ता."

मी म्हणालो, "नको, भाभी. तुम्हाला कशाला रोजचा त्रास? मी सोय केली आहे."

सोय मी खरोखरच केली होती. आठवडाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर कुंड्या सकाळ-संध्याकाळ वजन करून पाहिल्या होत्या. एका कुंडीला दिवसाला साधारण एकशे ऐंशी मिली. चार कुंड्या, एकवीस दिवस : पंधरा लिटर एकशे वीस मिली. वर दहा टक्के धरून साधारण साडेसोळा. दहा-दहा लिटरचे दोन टब, त्यांतून जुन्या सुती साडीच्या काठांच्या वाती काढून कुंड्यांच्या मातीत खुपसलेल्या. वात पाणी ओढणार, माती ओली राहणार. माणसाची गरज नाही.

वैशाली बॅग बंद करता करता म्हणाली, "बाई आपणहून म्हणतेय, तर द्या ना किल्ली. तेवढंच तिलाही बरं वाटेल."

"विसरली तर? एक दिवस चुकला तर तुळस जाईल."

"तुमच्या हिशेबात माणूस कुठे बसतच नाही," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. ते टब मी झाकले नव्हते. झाकले तर वाती दबतील असं वाटलं.

चार जानेवारीला आम्ही परत आलो तेव्हा चारही झाडं हिरवी होती. मिरचीला फूल होतं. मी बॅग दारातच ठेवून आधी ते बघितलं, आणि मला फार आनंद झाला. मग टबात पाहिलं. तळाला दोन बोटं पाणी उरलं होतं आणि त्यात स्वल्पविरामांसारखं काहीतरी वळवळत होतं. मोजायला लागलो, चाळीसच्या पुढे सोडून दिलं. पृष्ठभागावर बारीक पांढरट सालं तरंगत होती, टरफलांसारखी. ती कसली हे मला माहीत नव्हतं. दोन्ही टब मी न्हाणीघरात ओतले, वरून उकळतं पाणी टाकलं, टब घासून उन्हात पालथे घातले. वैशाली आत सामान लावत होती. तिला सांगितलं नाही. विषय संपला असं मी धरलं.

तेरा दिवसांनी सलमाबाई आल्या. आमच्या भागात डेंग्यूचे रुग्ण निघाले होते आणि खात्याची माणसं दारोदार फिरत होती. सलमाबाई चाळिशीच्या, काळा पायघोळ अबाया, पायात पांढरे बूट, हातात टॉर्च, लांब दांड्याचा पळा आणि खिशात छोट्या बाटल्या. बाजारात बोलतात तशी सहज हिंदी बोलत. प्रत्येक इमारतीतला एक माणूस सोबत हवा होता, म्हणजे लोक दार उघडतात. मी लगेच तयार झालो. वही मीच काढली, रकाने मीच आखले.

पार्किंगमध्ये उभं राहून त्यांनी आधी सगळं समजावलं. हा डास दिवसा चावतो. लांब उडत नाही. जिथे जन्मतो तिथल्याच दोन-चार घरांत फिरतो. पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटाच्या सावलीत बसतो. म्हणून ज्या घरात अळ्या असतील, किंवा महिन्याभरात होत्या असं कळेल, त्या घरात आणि लगतच्या घरांत आतून फवारणी करायची. पाणी ओतून टाकलं तरी उडालेला डास घरातच असतो.

मग आम्ही दारं वाजवत निघालो. टाकीची झाकणं, फ्रिजमागचे ट्रे, एसीच्या नळीखालची कॅन, फुलदाण्या, पक्ष्यांसाठी ठेवलेल्या वाट्या. सलमाबाई टॉर्च तिरका धरून पाण्यात बघायच्या, पळ्याने उचलायच्या, बाटलीत घालायच्या. दुसऱ्या मजल्यावर एका गृहस्थांच्या कुलरखाली अळ्या सापडल्या. ते ओशाळले. मी त्यांना सुनावलं, "शिकलेली माणसं आपण. आठवड्यातून एकदा वाकून बघायला काय होतं?" युसूफभाई मागून हळूच म्हणाले, "जाऊ द्या हो, महाडिकभाऊ. घरात पाणी नाय ठेवायचं तर काय गाडीत ठेवायचं?" सगळे हसले.

त्या बाटलीतल्या पाण्यावर तीच पांढरट सालं होती. मी विचारलं, ही काय? सलमाबाई म्हणाल्या, "ये खाली कपड़ा है. मच्छर निकल गया." डास उडून गेल्यावर उरलेली कात.

जिन्याच्या बारा पायऱ्या चढून आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो, तेवढ्या वेळात मी सांगायला हवं होतं. दार वैशालीने उघडलं. बाल्कनी कोरडी, कुंड्यांखाली ताटल्याही नाहीत. सलमाबाईंनी विचारलं, "पिछले महीने में कहीं खुला पानी रखा था?" मागे आमच्यासोबत वर आलेले ते दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उभे होते, अजून लाल. युसूफभाई होते. मी म्हणालो, "नहीं. कुछ नहीं." आणि लिहिलं : अळ्या शून्य, मागील महिन्यात उघडं पाणी नाही.

समोरच्या दारात भाभी होत्या. त्यांनाही तोच प्रश्न. त्याही नाही म्हणाल्या. मी लिहिलं : नाही.

तेवीस तारखेला भाभींना ताप आला. तीन दिवस घरीच होत्या. सव्वीसला उलट्या थांबेनात म्हणून दवाखान्यात नेलं. त्या दिवशी प्लेटलेट अठ्ठ्याऐंशी हजार. सत्तावीसला बावन्न. युसूफभाईंना आकडे कळायचे नाहीत असं नाही, पण ते कागद माझ्याकडेच द्यायचे. "तुमी बघा, भाऊ. तुमचं डोकं चालतं यात." मी कागदाच्या मागे रेघ काढून दाखवली, कुठून खाली येते आहे आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे कधी वळायला हवी. ती रेघ बघून त्यांना धीर यायचा. वॉर्डाबाहेर मी वेळ घालवायला फरश्या मोजल्या. रुंदीत अकरा, लांबीत बासष्ट. खरं सांगणं मी रोज एक दिवस पुढे ढकलत होतो. आज आकडा वर येऊ दे, मग सांगू. तो येत नव्हता.

सत्तावीसच्या दुपारी मी सलमाबाईंना फोन केला. म्हटलं, मी खोटं लिहिलं. दोन टब, एकवीस दिवस, सालं तरंगत होती. त्यांनी पत्ता पुन्हा विचारला, जणू त्यांना माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी माणसं आली. तिसऱ्या मजल्यावरची चारही घरं आतून फवारली. दोन तासांनी आत गेलो तेव्हा जमिनीवर मेलेले डास पडले होते, पायांवर पांढरे पट्टे. मी मोजले. आमच्याकडे नऊ, परकारांकडे चौदा.

मी सलमाबाईंना विचारलं, "मुखालफा कितना?" मुखालफा म्हणजे इथे दंड, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द येतो. मला वाटत होतं त्यांनी मोठी रक्कम सांगावी.

"मा फी," त्या म्हणाल्या. काही नाही. "आप ने फ़ोन किया ना." आणि हातमोजे काढत खाली उतरल्या.

त्याच दिवशी, अठ्ठावीसला, आकडा तेवीस हजार. परकारांची मुलगी आफ्रीन तेरा वर्षांची. तिला दोन दिवस आमच्याकडे ठेवलं होतं. शाळेच्या गणवेशातच जेवणाच्या टेबलाशी बसली होती. म्हणाली, "काका, प्लेटलेट्सचा नॉर्मल किती असतो?"

"दीड लाखापासून पुढे."

"मग मम्मीला किती शॉर्ट आहेत?"

"एक लाख सत्तावीस हजार," मी म्हणालो. क्षणाचाही विचार न करता. वैशालीने माझ्याकडे बघितलं. आफ्रीनने तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

एकोणतीसला सकाळी अकरा हजार. रक्ताच्या पिशव्या चढवल्या, संध्याकाळी सव्वीस हजार झाले. रेघ वळली. मी युसूफभाईंच्या गावी त्यांच्या भावाला मेसेज केला : वाढले. त्याने उलट लिहिलं, शुक्र आहे. तीस तारखेला दुपारी सव्वादोनला भाभी गेल्या. डॉक्टर म्हणाले, प्लेटलेट हा एकच आकडा नसतो, रक्तदाब सावरला नाही, आधी कधीतरी गावी डेंग्यू होऊन गेला असावा, दुसऱ्यांदा झाला की जड जातं. ते बोलत होते आणि माझ्या हातात तो रेघेचा कागद होता. घडी करून खिशात घातला. टाकवेना आणि ठेववेना.

त्यांना इथल्याच मातीत दिलं. संध्याकाळी परतताना युसूफभाई गाडीत माझ्या शेजारी बसले होते. हातांना माती होती. डोंगरांमागे ऊन गेलं होतं आणि सगळीकडे तो सुखद गारवा, ज्याची आम्ही वर्षभर वाट बघतो. त्यांनी काच खाली केली. मीही केली.

मी वडिलांना हे सांगू शकलो असतो तर काय म्हणाले असते, असा विचार मी तेव्हा रोज करायचो. ते रागावले नसते. त्यांनी गेरू मागितला असता, आणि मी ती भिंत कुठे आहे ते शोधत राहिलो असतो.

वीसेक दिवसांनी युसूफभाई आफ्रीनला घेऊन गावी निघाले, भाभींच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीसाठी. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. बॅगा भिंतीशी लावलेल्या. मी उभ्यानेच सांगितलं. टब, वाती, चाळीसपर्यंत मोजलेल्या अळ्या, सालं, वहीतलं शून्य. भाभी किल्ली मागायला आल्या होत्या तेही. त्या दिवशी खरं लिहिलं असतं तर अठरा तारखेलाच तुमच्या घरात फवारणी झाली असती, हेही.

युसूफभाईंची नजर पंख्यावर होती. पंखा बंद होता.

मग म्हणाले, "पलंगाखाली दोन कॅन व्हते. एसीचं पाणी. नोव्हेंबरात भरून ठेवलेलं, तिच्या मोगऱ्यासाठी. म्हणायची, ह्या पाण्यात औषध नाय, झाड खूश असतं. त्या बाई आल्या त्या दिवशी तिनंच वर चादर टाकली. मला म्हणाली, बोलू नका हां, ते मशीनवाले घरात शिरले तर माझा दमा उठेल. मी नाय बोललो."

"त्यात अळ्या होत्या?"

"बघितलं नाय मी. ती गेल्यावर ओतलं. अंधारात ओतलं." ते माझ्याकडे वळले. "तुमचा मच्छर का आमचा, भाऊ? सांगा. तुमी मोजता ना?"

नऊ आणि चौदा यांतले कुठले कुठल्या पाण्यातले, आणि त्यांतला कुठला तो, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी ते पदरात घेऊन घरी आलो असतो. त्यांनी तेही केलं नाही. आम्ही दोघं त्या खोलीत बसलो होतो आणि दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याला माफ करायची सोय नव्हती.

निघताना त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"मोगऱ्याला पाणी घाला. रोज. थोडंच."

"रोज घालतो."

"वाती-बिती लावू नका," ते म्हणाले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग पुन्हा म्हणाले, "हातानं घाला."

आता समोरच्या घरात दुसरं कुटुंब आहे. आफ्रीन आजीकडे राहिली, तिथल्या शाळेत जाते. युसूफभाई एकटेच परत आले आणि थोड्या दिवसांनी बदली मागून खाबुरा गावातल्या शाखेत गेले. मोगरा गाडीत पुढच्या सीटपाशी ठेवून नेला. सणाला फोन होतो. ताप-पाण्याचं विचारतो, एवढंच. गेल्या आठवड्यात सलमाबाई पुन्हा आल्या होत्या. वही त्यांनी मागितली नाही आणि मीही काढली नाही. मी फक्त टॉर्च धरला. आमच्या दाराशी त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी बादली, तांब्या, पिण्याचं पिंप, वैशालीने रात्री भिजत घातलेली मटकी, सगळं सांगितलं. मटकीला त्या हसल्या. तिसऱ्या मजल्याच्या त्या दोन ओळी मी अजून खोडलेल्या नाहीत. खोडून तिथे काय लिहायचं ते मला ठरवता आलेलं नाही.

युसूफभाई गावी होते ते तेवीस दिवस मी रोज सकाळी सहाच्या सुमारास समोरचं कुलूप उघडत होतो. घरात अजून फवारणीचा वास होता आणि त्याखाली कुठेतरी भाभींच्या मसाल्याच्या डब्याचा. बाल्कनीत गेलो की गुडघ्यावर बसायचो, माती बोटाने चाचपायचो, तांब्या तिरका करायचो. जास्तीचं पाणी खालच्या भोकातून येईपर्यंत थांबायचो, फडक्याने फरशी कोरडी करायचो, फडकं पिळून उन्हाच्या जागी टाकायचो. सात मिनिटं लागायची. सलमाबाईंनी दंड घेतला नाही, युसूफभाईंनी माफीचा शब्द घेतला नाही. शेवटी दिलं ते एवढंच : दिवसाला एक तांब्या याप्रमाणे तेवीस तांबे पाणी, जुलेखाभाभींच्या मोगऱ्याला, हाताने.